लाइट गेल्यानंतरचा भाग

कामोठे,
९ मार्च २०२५

प्रिय मित्र अंकुश,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा, सुंदराबाईचा गुडघा थंडीत धरला होता, ऊन वाढलं तसा सुटला. तुझी शुगर ताब्यात असेल असं समजतो. सानपाड्याला पाणी कसं येतं? आमच्या सोसायटीत पाण्यावरून रोज भांडण होतं. लिफ्टचाही भरवसा नाही. मी जिन्याने उतरतो. लिफ्टमध्ये अडकलो तर आत आवाज दिलेला बाहेर ऐकू जातो की नाही, हे अजून कोणी मला खात्रीने सांगितलेलं नाही.

फोन का नाही केला असं तू म्हणशील. फोनवर तू मध्येच हसतोस आणि माझा राग जातो. या वेळी तो जायला नको आहे, म्हणून लिहितोय. अक्षर वाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. आमचं टेबल डुगडुगतं.

परवा तुझा अभय आला होता. पोरगा चांगला आहे, येताना पपई घेऊन आला. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "काका, मंडळाने जुन्या गायन पार्टीचा सत्कार ठेवलाय. तेरा एप्रिलला संध्याकाळी. पप्पा हो बोलले, पोपटकाका पण हो बोलले. तुमी फक्त येऊन बसायचं."

मी म्हटलं, "बसायचं म्हणजे?"

"बेंजो मांडीवर घ्यायचा, हात फिरवायचा. पप्पा माइकपुढे उभे राहून ओठ हलवणार. गाणं मागून लागणार. पनवेलची कॅसेट होती ना तुमची, ती मी साफ केलीय. एकदम क्लीन. काय टेन्शन नाय."

अंकुश, माझ्या हातातला चहा सांडला. कपडे बदलावे लागले. तुला हे कसं पटलं हे मला समजत नाही. बेशुद्ध माणसाचा अंगठा धरून कागदावर उमटवतात, तसं हे आहे. आपण जिवंत असताना आपल्याच गाण्याला आपण नुसता हात फिरवायचा? आणि समोर बसलेल्यांनी त्याला टाळ्या वाजवायच्या? आपल्या पार्टीने आजवर कोणाला फसवलं नाही. खेडला पाऊस आला तेव्हा छत्र्या धरून वाजवलं, पण वाजवलं.

मग त्याने मोबाइलवर ते साफ केलेलं ऐकवलं. मी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये बोललो नाही. सुंदराबाईला विचार.

तुझा आवाज छान ऐकू येतो, त्याबद्दल वाद नाही. पोपटची ढोलकी पण स्वच्छ. पण माणसं कुठे गेली? पनवेलच्या मैदानावर एवढा समाज बसला होता, पोरं झाडावर चढली होती, बायकांच्या बाजूला लेकरं रडत होती. शिट्ट्या, टाळ्या, "अंकुशदादा परत" म्हणून ओरडणारा तो एक माणूस, सगळं गेलं. वाटतं आपण तिघे कुठल्या तरी बंद खोलीत कोणासाठीच नाही असे गातोय.

आणि माइकचा आवाज. तो पण गेला. तुला आठवत असेल, आपल्याकडे माइक एकच. तू ओळ संपवायचास आणि माइकची मान खाली वाकवायचास, माझ्या बेंजोपर्यंत. वाकताना तो स्टँड करकरायचा. खरी कॅसेट लावली की ती करकर येते आणि लगेच मी येतो. आजही घरी ऐकताना करकर आली की माझी पाठ आपोआप ताठ होते. अभय म्हणतो, "काका, ते डिस्टर्बन्स होतं, काढलं." मी त्याला म्हटलं, बाळा, ते डिस्टर्बन्स म्हणजे तुझा बाप आहे. मला बोलावतोय.

तोही हसला. तुझ्यासारखाच हसतो.

आता खरं सांगतो राग कशाचा आला ते. तळ्याच्या सत्याग्रहाच्या गाण्यात, त्या रात्री मैदानावरची लाइट गेल्यानंतरचा भागच नाही. उडवला. दुसरं कडवं संपतं आणि एकदम शेवटचं ध्रुवपद लागतं, जसं मध्ये काही झालंच नाही. कॅसेटवर तोच तर भाग आहे. पोपटच्या मेहुण्याने मस्कतहून आणलेला टेप खुर्चीवर ठेवला होता, तो सेलवर चालत होता म्हणून लाइट गेल्यावरही चालू राहिला. नाहीतर जगात कोणाला कळलं नसतं त्या अंधारात काय झालं ते. एवढं नशिबाने हाती लागलेलं, आणि तुझ्या पोराने ते कापून टाकलं. त्याला तुझ्या पार्टीची किंमत नाही असं मी म्हणणार नाही, पण मनात येतं.

तुला आणखी एक सांगायचं आहे. आमची वैष्णवी, म्हणजे माझी नात, ती मला दिवाळीपासून अमेरिकेतलं एक गाणं-बजावणं ऐकवते. ब्लूग्रास म्हणतात. तिकडच्या डोंगरातल्या गरीब लोकांनी सुरू केलेलं. "आजोबा, त्यांच्याकडे पण बेंजो असतो," म्हणाली. त्यांचा गोल असतो, डफाला दांडा लावल्यासारखा, आपल्यासारखी बटणं नसतात. पण ते जाऊ दे. पाच माणसं उभी, मध्ये एकच माइक. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसत्या तारा. मी विचारलं ताल कोण धरतो, तर म्हणाली सगळेच. एक जण छोटंसं वाद्य छाटल्यासारखं वाजवतो, तो त्यांचा पोपट.

वेग असा की पळत्या माणसाने पळता पळता चप्पल घालावी. ज्याची पाळी तो पुढे येतो, बाकीचे अंग चोरून मागे सरतात, कोणी कोणाला धडकत नाही. भाषेतलं एक अक्षर मला कळत नाही, तरी कळतं की हा आता त्याला चिडवतोय, तो म्हणतोय थांब दाखवतो. आणि हे सगळं प्रत्यक्ष कार्यक्रमातलं आहे बरं का, लोकांसमोर वाजवलेलं. बुटांचा फळ्यांवर आवाज येतो. कोणी खोकतो. एकाची तार तुटली तर तो बोलत बोलत दुसरी लावतो आणि बाकीचे तोवर वाजवत राहतात, लोक हसतात. त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. वैष्णवी म्हणते, त्या लोकांना तेच हवं असतं, स्टुडिओत केलेलं सपक लागतं.

सातासमुद्रापलीकडच्या माणसांना कळतं, आणि सानपाड्याला कळत नाही?

मी हात फिरवायला येणार नाही. अभयला सांग. त्याला वाईट वाटेल अशा भाषेत सांगू नकोस. पपई गोड निघाली हे पण सांग.

तुझा,
गंगाराम

ता. क. बेंजो कपाटावर ठेवला आहे. तारा काढल्या आहेत, गंजतात म्हणून.


कामोठे,
२१ मार्च २०२५

अंकुश,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून तसंच आडवं पसरलेलं. बाकी पत्रात मला आनंद होईल असं काही नव्हतं.

तू लिहितोस, "आपण म्हातारे झालो गंगाराम, हात फिरवायला तुझं काय जातं." माझं काय जातं ते मी खाली लिहितो. तू लिहितोस मला भाव आलाय. तुझ्या भाचीच्या, शर्मिलाच्या लग्नात सगळे थांबले होते आणि मी बेंजो न आणता आलो, तार तुटली म्हणालो, आणि तार तर दुकानात मिळते. बरोबर. मिळते. त्या दिवसापासून तू मला घरी जेवायला बोलावलं नाहीस, हे माझ्या लक्षात आलेलं नाही असं समजू नकोस. सुंदराबाई दर रविवारी म्हणते, "भावोजींचा फोन नाही आला." मी म्हणतो कामात असेल. रिटायर माणूस कुठल्या कामात असतो, ते ती विचारत नाही.

आणि तू लिहितोस की तो भाग अभयने कापला नाही, तू कापायला सांगितलास.

हे वाचून मी पत्र ठेवून दिलं. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सुंदराबाई आतून म्हणाली, "ऊन लागंल." मी म्हटलं लागू दे.

तुझं कारण मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिथे तुझा आवाज फाटला. माइक बंद पडला, मैदान मोठं, तू ताण दिलास आणि वरच्या पट्टीत आवाज फाटला, आणि ते तुला सगळ्या समाजासमोर परत ऐकवायचं नाही. आता तर साधं ध्रुवपद पण वर जात नाही, म्हणून तू ओठ हलवायला तयार झालास. हे तू शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंस. मी चष्मा पुसून वाचलं.

अरे माणसा. मला राग येतोय तो आता कोणावर काढू?

मी तो भाग किती वेळा ऐकलाय ते मोजलेलं नाही. तुझा आवाज फाटलेला मला कधी ऐकू आला नाही. तुला सांगतो तिथे काय आहे. लाइट जाते. "ए लाइट" म्हणून आरडाओरड होते. तू थांबत नाहीस. नुसत्या गळ्याने म्हणत राहतोस. मग वर जातोस, आवाज अडकतो, आणि तू माझ्याकडे वळून म्हणतोस, "गंगाराम, धर." बस, एवढंच. मला एवढंच ऐकू येतं. मी ओळ धरली. माइकशिवाय बेंजो तो किती वाजणार, डब्यात खडे हलवल्यासारखा. पोपटने ढोलकीवरचा हात उचलला आणि नुसती बोटं ठेवली, माझं ऐकू जावं म्हणून. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मग ऐक, मैदान गप्प होतं. शिट्ट्या वाजवणारी तीच पोरं गप्प. खडे ऐकायला एवढा समाज अंधारात गप्प बसतो. मग बायकांच्या बाजूने ध्रुवपद उठतं. सुंदराबाई म्हणते पहिली तीच होती. तिच्या बाजूच्या प्रत्येकीचं तेच म्हणणं असेल. आणि तू त्यांच्यात मिसळून परत येतोस, फाटलेल्याच आवाजाने, आणि लाइट येते तेव्हा माइक शिट्टी मारतो आणि लोक उभे राहतात.

तू ते लाज म्हणून कापलंस. आपल्या आयुष्यात आपण त्याहून चांगलं कधी वाजवलेलं नाही.

आता माझं. सुंदराबाई समोर बसून शेंगा सोलतेय. तिने विचारलं, "भांडताय का लिहिताय?" मी म्हटलं दोन्ही. ती म्हणाली, "मग ते पण लिवा. हात कापतोय ते. त्यांना काय सपान पडणार हाय?"

आमचं टेबल डुगडुगत नाही, अंकुश. वैष्णवीने पायाखाली पुठ्ठा घातला, मग काढला, मग माझ्या हाताकडे बघितलं. चहा रागाने सांडला नव्हता. उजवा हात. शर्मिलाच्या लग्नाच्या आधीपासून. डॉक्टर कंपवात म्हणाले, गोळ्या चालू आहेत, गोळी उतरली की जास्त होतं. नखी बोटांतून निसटते. तार छेडायला गेलो की एकाच्या जागी तीन वेळा वाजते, नाहीतर वाजतच नाही. जेवताना आमटी सांडते म्हणून मी चार माणसांत जेवत नाही, तू बोलावलं असतंस तरी काहीतरी कारण काढलं असतं. तार तुटलेली नव्हती. तारा चांगल्या होत्या.

आता तू म्हणशील, मग हात फिरवायला तर हाच उत्तम, कापला तरी गाणं मागून बरोबर वाजतंय. अभयलाही कळलं तर तोच म्हणेल. माझं जातं ते हेच. लोक म्हणतील, वा, गंगारामचा हात अजून तसाच आहे. माझा हात तसा नाही. जो आहे तो कोणी बघायला नको आणि जो नाही त्याचा सत्कार, हे मला सहन होत नाही. मंडळाच्या फ्लेक्सवर माझं नाव मोठ्या अक्षरात येईल म्हणतात. कोणाचं नाव ते?

एक गोष्ट राहिली. ती अमेरिकेतली गाणी. मला वाटलं पोरीला आवडतात म्हणून ऐकवते. त्यात एक कार्यक्रम आहे, ती तो सारखा लावते. एक फार म्हातारा माणूस सारंगी वाजवतो, ते फिडल म्हणतात. जोरात चाललेलं असतं, त्याची पाळी येते, पुढे येतो, आणि मध्येच हात चुकतो. सूर जातो. नुसता ताल उरतो. कोणी थांबत नाही. बेंजोवाला पटकन तेवढी जागा भरतो, आणि लगेच मागे सरतो, परत त्या म्हाताऱ्याला देतो. म्हातारा जिथे सोडलं तिथून नाही, भलतीकडूनच उचलतो, आणि पब्लिक असं ओरडतं की रेकॉर्डिंग फाटतं. ते फाटलेलं पण ठेवलंय त्यांनी.

परवा मी तिला म्हटलं, "तू मला हेच का लावतेस?" ती मोबाइलमध्ये बघत म्हणाली, "असंच. बॅटरी संपतेय, बंद करू?"

मला उशिरा कळतं. सुंदराबाई म्हणते नेहमीच.

उत्तर लवकर लिही.

गंगाराम


कामोठे,
४ एप्रिल २०२५

प्रिय अंकुश,
सप्रेम जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. मी खाली पेटीत दोनदा बघून आलो, एकदा शेजारच्यांच्या पेटीत पण. पत्र गहाळ झालं असेल असं आधी वाटलं. मग वाटलं तू आजारी आहेस. शेवटी सुंदराबाईने तुमच्या सुनेला, शुभदाला फोन केला. तिने सांगितलं, सासरे ठीक आहेत, पण पत्र वाचल्यापासून ती जुनी कॅसेट लावून बसतात, साफ केलेली नाही, मूळची. जेवायला हाक मारली तरी ओ देत नाहीत. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला आणि राग पुन्हा वर आला. एवढं ऐकतोस तर दोन ओळी लिहायला काय झालं?

पत्र लिहून देते असं वैष्णवी म्हणाली. मी नको म्हटलं. तुला अक्षर बघू दे.

इकडे काय झालं ते सांगतो. पोपट आला होता द्रोणागिरीहून, दोन बस बदलून, ढोलकी फडक्यात बांधून. त्याला पण मी हात दाखवला. त्याने बघितलं आणि म्हणाला, "ह्यात काय विशेष? माझ्या बोटाला ताकद नाय, कानाला ऐकू नाय. तुझं चुकलं तरी मला कळनार नाय. लाव तारा."

तारा लावल्या. खुंट्या मला पिळता येत नव्हत्या, वैष्णवीने पिळल्या. मी कानाने सांगत गेलो, वर, अजून वर, थांब. नखी निसटू नये म्हणून सुंदराबाईने ती अंगठ्याला चिकटपट्टीने बांधली. म्हणाली, "आता पडली तर अंगठ्यासकट पडंल."

तळ्याचं गाणं लावलं, म्हणजे आम्हीच. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीत हात सुटला. पोपटला ऐकू येत नाही असं तो म्हणतो, पण त्याने लगेच बोटं बदलली, आहे तिथेच फिरत राहिला, पुढे गेला नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मी हाय. ये कवा येतोस ते." मी आलो. चुकीच्या जागी आलो. त्याने ती जागा बरोबर करून टाकली. मला काय झालं ते लिहीत नाही. खालच्या मजल्यावरचे लोक वर आले होते तक्रार करायला, ते दारात उभे राहून ऐकत राहिले. चेअरमनने एवढंच म्हटलं की दुपारी झोपायच्या वेळी नको.

नंतर अभयला बोलावलं. सगळं सांगितलं. माझ्या हाताचं पण, आणि तुझ्या गळ्याचं पण. तुझं सांगायला नको होतं असं वाटत असेल तर मला शिव्या दे, पण तोंडावर येऊन दे. पोराने मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "काका, एकच माइक ठेवला तर सगळा आवाज एकत्र येणार. शिट्टी मारणार तो."

मी म्हटलं, मारू दे.

"आणि मध्येच थांबलात तर? मंडळवाले बोलतात, ट्रॅक तयार ठेवू, लॅपटॉपवर. काय गडबड झाली तर लावून देऊ."

तिथे मी परत चिडलो. म्हटलं, लॅपटॉप स्टेजवर दिसला तर मी जिन्याने खाली. गडबड होणार. ती होणार म्हणून तर जातोय. गडबड झाल्यावर काय करायचं ते आम्हाला येतं, तेवढंच तर आम्हाला येतं. तो म्हणाला बरं. पण जाताना दारात विचारलं, "पप्पा तयार होतील?"

हे मला माहीत नाही. म्हणून हे पत्र.

तू ओठ हलवायचे ठरवले असतील तर मी आणि पोपट खाली समाजात बसू आणि टाळ्या वाजवू. माझी टाळी पण आता नीट बसत नाही, पण वाजवू. तुझ्यावर रागावणार नाही असं मात्र लिहून देत नाही.

आणि गायला उभा राहिलास तर माझं एवढं ऐक. वरची पट्टी नको, खाली घे. पोपटची ढोलकी उतरते, बेंजो मी उतरवून घेतो. फाटला आवाज तर फाटू दे, बायकांची बाजू आहे, सुंदराबाई पुढे बसणार आहे, ती या वेळी साक्षीदार घेऊन बसणार आहे म्हणते. तो स्टँड लोखंडी मान वाकणारा असावा असं अभयला बजावलंय. तो म्हणाला असे आता मिळत नाहीत. मी म्हटलं शोध. स्टेजवर उघडी वायर नसावी हे पण बजावलंय, तू पण एकदा बघ.

तुझी ओळ झाली की मान माझ्याकडे वाकव. करकर आली की मी सुरू करेन. किती जाईन ते सांगता येत नाही. गोळी वेळेवर घेईन, पण हात माझं ऐकतो असं नाही. मध्येच तार गप्प झाली तर घाबरू नकोस, पोपट आहे त्या जागी फिरत राहील, आणि मी तुझ्याकडे बघेन. तेव्हा मोठ्याने सांगायला मला जमेल की नाही कोण जाणे, म्हणून आत्ताच लिहून पाठवतो.

अंकुश, धर.

तुझाच,
गंगाराम